टाकीतला रंग

गळतंय, असं आधी कुंदाने सांगितलं.
रात्री दीडला, भिंतीकडे तोंड करून.
मी म्हणालो, भटनागरांचा कूलर असेल.
जानेवारीत कूलर? ती म्हणाली,
की असंच काहीसं. वाक्याचं शेपूट माझ्यापर्यंत आलं नाही.

पाच रात्री असं चाललं.
मी उठायचो, संडासातला दिवा लावायचो,
टाकीला कान लावून उभा राहायचो.
टाकी गप्प. भिंत गप्प.
"भास होतात तुला," असं सांगून झोपायचो,
आणि झोप मला लागायचीही.

मग नळ नसलेल्या दिवशी
दुपारी तीनलाच गच्चीवरची टाकी कोरडी पडली.
दोन माणसं, एक तुळस. एवढं पाणी प्यायलं कोणी?
नर्मदा तिकडून घाट चढून येते,
पंपामागून पंप, दम खात खात,
एक दिवसाआड सुदामानगरात पोचते,
ती काय इथून गुपचूप उतरून जायला?

दुसऱ्या दिवशी फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं,
दोन्ही हातांनी, कारण चिनी माती माफ करत नाही.
आधी संशय चेंडूवर. दांडी वाकवली,
पाणी दोन बोटं खाली आणलं.
रात्री कुंदा म्हणाली, "अजून."
म्हणजे चोर खालून जात होता.

कपाटात गेल्या रंगपंचमीची पुडी होती,
गेर बघायला जाताना नातवाने आणलेली, आजीने लपवलेली.
पक्का गुलाबी, पंधरा दिवस न उतरणारा.
चिमूटभर टाकीत टाकला. आता अर्धा तास फ्लश नाही.
बादली पालथी घालून बसून राहिलो.
नुसतं बसून कशाकडे तरी बघत राहायची सवय होती,
वीज मंडळात एकतीस वर्षं काढलेली.

बराच वेळ काहीच नाही.
मग पांढऱ्या उतारावर, मागच्या बाजूने,
केसाएवढी एक गुलाबी रेघ.
थांबत, थरथरत, पण येतच.
हेच ती पाच रात्री ऐकत होती.
"कुंदा, दिसलं!"
ती कणकेच्या हातांनी दारात आली,
वाकून बघितलं, काहीतरी म्हणाली
आणि परत गेली.

झडपेचं माप बोटावर घेऊन सियागंजला गेलो.
चाळीस रुपयांची नवी आणली. बसेना, अर्धं पेर लहान.
पुन्हा सियागंज, या वेळी जुनीच रुमालात बांधून.
दुकानदाराने ती उलटसुलट केली, हसला,
"बाबूजी, ये तो बहुत चली."
रबर त्याच्या बोटांना काळं लावत होतं.
कड कडक, खडबडीत, टाचेच्या भेगेसारखी.

कॉक बंद, टाकी रिकामी.
झडप बसते ती गोल कडा
जुन्या ब्रशने, व्हिनेगरने घासली,
क्षारांचा थर निघेपर्यंत.
साखळीला एक कडी ढील ठेवली.
ताणलेली साखळी झडपेला टेकू देत नाही,
हे मला दुसऱ्या प्रयत्नात कळलं.

त्या रात्री कुंदा दहालाच झोपली, तोंड किंचित उघडं.
आता विचारणार कुणाला?
दिवा न लावता गेलो,
आतल्या मागच्या उतारावरून बोट फिरवलं.
कोरडं.
बोट तिथेच ठेवून बराच वेळ उभा होतो
आणि मोजत होतो:
कुकरची शिट्टी हल्ली ती सांगते तेव्हा वाजते.
दूधवाला बेल सोडून दार ठोकायला लागलाय.
तिच्या वाक्यांची शेवटची शेवटची अक्षरं
कधीपासून जातायत, कुठल्या कडेने?

सकाळी म्हटलं, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.
ती चहा गाळता गाळता काहीतरी बोलली.
"काय?"
गाळणी हातात धरून ती वळली.
"हेच म्हटलं, की तू 'काय' म्हणून विचारत नाहीस."

डाग अजून आहे.
परवा माझी बहीण देवासहून आली होती,
घाबरीघुबरी बाहेर आली, कुणाला काय झालंय म्हणून.
पंधरा दिवसांत उतरतो म्हणतात.
आज बाविसावा.